मर्ढेकरांची आरंभीची कविता : 'शिशिरागम' ते 'काही कविता'

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा पहिला कवितासंग्रह 'शिशिरागम' १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि दुसरा, 'काही कविता', १९४७ साली. या दोन संग्रहांत अंतर अवघे आठ वर्षांचे आहे. मराठी कवितेच्या इतिहासात मात्र ते दोन वेगळ्या कालखंडांत मोडतात. पहिला संग्रह रविकिरण मंडळाच्या प्रभावक्षेत्रातील उत्तरकालीन प्रेमकविता म्हणून बाजूला ठेवला जातो, तर दुसऱ्यापासून नवकवितेचा आरंभ मानला जातो. परिणामी मर्ढेकरांचे कविचरित्र जणू १९४६-४७ च्या सुमारास अचानक सुरू होते, अशी समजूत अध्यापनाच्या क्षेत्रात रूढ झालेली दिसते. एकदा हा आरंभ अचानक मानला, की त्याचे स्पष्टीकरणही बाहेरून शोधावे लागते. मग महायुद्ध, यंत्रसंस्कृती आणि टी. एस. एलियट ही तीन कारणे क्रमाने सांगितली जातात आणि कवीची स्वतःची घडण विचारात घेण्याचे कारण उरत नाही.

प्रस्तुत लेखात या आठ वर्षांचा आणि त्यांच्या पूर्वतयारीचा विचार करावयाचा आहे. 'काही कविता'तील परिवर्तन खरे आहे, त्याची तीव्रताही नाकारता येत नाही. परंतु त्या परिवर्तनाची सिद्धता कवितेबाहेर, म्हणजे सौंदर्यविचारात, कादंबरीत आणि श्राव्य लेखनात आधीच होत होती. आणि ते प्रत्यक्षात उतरले ते मराठीतील जुन्या, सर्वपरिचित छंदांच्या आधाराने, हे येथे दाखवावयाचे आहे.

घडणीची वर्षे

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोसावी; सातारा जिल्ह्यातील मर्ढे या गावावरून मर्ढेकर हे आडनाव आले. वडिलांचा पेशा शिक्षकाचा होता. शालेय शिक्षण खानदेशातच झाले. त्या काळातील हुशार, मध्यमवर्गीय मुलाची वाट जशी ठरलेली असे तशीच त्यांचीही होती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२८ साली ते पदवीधर झाले आणि १९२९ साली आय. सी. एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेले.

पुण्यातील त्यांची विद्यार्थिदशा हा रविकिरण मंडळाच्या वैभवाचा काळ होता. १९२३ साली स्थापन झालेल्या या मंडळाने कविता सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात आणि महाविद्यालयीन तरुणांच्या ओठांवर नेली होती. माधव जूलियन यांची प्रेमकविता आणि त्यांचा छंदोविचार यांनी त्या पिढीचे कान घडविले. बालकवी १९१८ सालीच निवर्तले होते, तरी त्यांच्या निसर्गकवितेची मोहिनी ओसरलेली नव्हती. कविता लिहू पाहणाऱ्या तरुणाला या दोन्ही प्रभावांतून वाट काढणे भाग होते.

इंग्लंडमधील वास्तव्य चार वर्षांचे, १९२९ ते १९३३ असे होते. जागतिक मंदीने युरोप हादरलेला होता. एलियटचे 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध होऊन सात वर्षे लोटली होती. १९३० साली त्याचेच 'ॲश वेन्सडे' आणि ऑडनचा 'पोएम्स' हे संग्रह आले. समीक्षेत आय. ए. रिचर्ड्स यांचे मानसशास्त्रीय विवेचन आणि चित्रकलेच्या संदर्भात क्लाइव्ह बेल यांचा रूपवाद चर्चेत होते. ज्या परीक्षेसाठी मर्ढेकर गेले होते तिच्यात त्यांना यश आले नाही. सनदी अधिकारी होण्याची वाट बंद झाली. हे अपयश लौकिक दृष्टीने मोठेच होते, कारण शिक्षकाच्या घरातून विलायतेला गेलेल्या मुलावर केवळ स्वतःच्या आकांक्षांचे ओझे नसते. परंतु परतताना त्यांच्याबरोबर जो प्रश्न आला तो त्यांना जन्मभर पुरला. कलाकृतीला कलाकृतीपण कशामुळे लाभते, आणि शब्दांच्या कलेला इतर कलांचे नियम लागू करता येतात काय, हा तो प्रश्न होय.

परतल्यावर काही काळ त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये काम केले आणि नंतर इंग्रजीचे अध्यापन केले. १९३७ साली 'आर्ट्स अँड द मॅन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्रावरील पहिले पुस्तक त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहाच्या दोन वर्षे आधीचे आहे. विचारवंत मर्ढेकर हा कवी मर्ढेकरांनंतर आला, हा समज या कालक्रमाने मोडीत निघतो. १९३८ साली ते नभोवाणीच्या सेवेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत त्याच सेवेत राहिले.

'शिशिरागम'

'शिशिरागम' हा आकाराने लहान संग्रह आहे. शिशिर ऋतूचे आगमन हा त्यातील मध्यवर्ती भाव होय. पानगळ, विरलेला ऊन-पाऊस, संपलेले किंवा संपू पाहणारे प्रेम, आणि त्या प्रेमाची आठवण जपणारे मन यांभोवती ही कविता फिरते. भावविश्व परिचित आहे, शब्दकळाही बरीचशी परंपरेने हाती दिलेली आहे. संस्कृतप्रचुर समास, कोमल विशेषणे, प्रियेला उद्देशून केलेली आळवणी ही रविकिरणकालीन कवितेची लक्षणे तेथे आढळतात, तर निसर्गाच्या हळव्या स्पर्शात बालकवींची आठवण होते. वृत्त-जातींवरील पकड मात्र पहिल्यापासून पक्की आहे.

या संग्रहाला अनुकरणाचे फळ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण असे करताना दोन गोष्टी दृष्टीआड होतात. पहिली गोष्ट ऋतूच्या निवडीची. मराठी रोमँटिक कवितेचा लाडका ऋतू वसंत किंवा वर्षा. मर्ढेकर आरंभालाच शिशिर निवडतात. झाड आपली पाने गमावून उघडे पडते, ही प्रतिमा पुढील मर्ढेकरी कवितेच्या स्वभावाशी जुळणारी आहे. अलंकरण गळून पडण्याची जी प्रक्रिया 'काही कविता'त भाषेच्या पातळीवर घडते, तिची सूचना येथे आशयाच्या पातळीवर मिळते. दुसरी गोष्ट संयमाची. दुःख मोठ्याने उच्चारण्याची त्या काळातील सवय या कवितेत कमी आहे. भावना व्यक्त करीत असतानाच तिच्याकडे थोडे दुरून पाहण्याची प्रवृत्ती अधूनमधून डोकावते. ही दूरस्थता अद्याप कवितेची शक्ती झालेली नाही. पुष्कळदा ती केवळ संकोचासारखी भासते. तरीही पुढील उपरोधाचे बीज तिच्यातच आहे.

'शिशिरागम'चा खरा उणेपणा अनुभवाच्या खोटेपणात नाही. अनुभव खरा असून त्यासाठी वापरलेली भाषा इतरांनी आधीच वापरून गुळगुळीत केलेली आहे, हा तो उणेपणा होय. कवीला याची जाणीव झाली असावी, असे मानण्यास त्याच्या पुढील वर्तनात आधार सापडतो. त्याने त्याच सुरात दुसरा संग्रह काढला नाही.

मधली आठ वर्षे

१९३९ ते १९४७ या काळातील मर्ढेकरांचे लेखन तारीखवार मांडले असता एक लक्षणीय चित्र उभे राहते. १९४१ साली 'वाङ्मयीन महात्मता', १९४२ साली 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी, १९४३ साली 'तांबडी माती' ही दुसरी कादंबरी, १९४४ साली साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरील दोन इंग्रजी व्याख्यानांचे पुस्तक आणि 'नटश्रेष्ठ' हे नाटक. याच सुमारास 'कर्ण' (१९४४), 'संगम' (१९४५), 'औक्षण' (१९४६) आणि 'बदकांचे गुपित' (१९४७) या संगीतिका आल्या. कवितासंग्रहाच्या दृष्टीने मोकळा दिसणारा हा काळ लेखनाच्या दृष्टीने अत्यंत दाट आहे.

यांपैकी सौंदर्यविचाराचा कवितेशी असलेला संबंध सर्वांत महत्त्वाचा. कलाकृतीतील घटकांची रचना लयीच्या तत्त्वाने होते आणि ती लय संवाद, विरोध व समतोल या तीन संबंधांतून सिद्ध होते, अशी मर्ढेकरांची भूमिका होती. साहित्याच्या बाबतीत या रचनेचे माध्यम शब्दांचा नाद नसून शब्दांनी वाहून आणलेले भावनात्मक अर्थ आहेत, असे त्यांनी मांडले आणि भावनानिष्ठ समतानतेची संकल्पना पुढे आणली. दोन वस्तू बाह्यतः कितीही भिन्न असल्या तरी त्यांच्याशी निगडित भावना समान असेल तर कवितेत त्या एकमेकींशेजारी ठेवता येतात, असा तिचा थोडक्यात अर्थ आहे. या सिद्धान्ताच्या तात्त्विक अडचणी मराठी समीक्षेने पुढे पुष्कळ चर्चिल्या. कवितेच्या दृष्टीने पाहता त्याचा परिणाम मुक्त करणारा होता. चंद्र, कमळ आणि कोकिळा यांनाच काव्यात प्रवेश आहे, हा संकेत या विचाराने आपोआप रद्द होतो. गिरणीचा भोंगा, आगगाडीचा डबा, विजेचा दिवा किंवा मेलेला उंदीर हेही भावनेचे समान वाहक ठरू शकतात. विरोधलयीला संवादलयीइतकेच मूल्य दिल्यावर पवित्र आणि बीभत्स यांना एका चरणात बसविण्याची मोकळीकही मिळते. 'काही कविता'तील धक्का देणाऱ्या प्रतिमांचे समर्थन अशा रीतीने त्या कविता संग्रहरूपाने येण्यापूर्वीच विचारात तयार झालेले होते.

'रात्रीचा दिवस' या कादंबरीने दुसरी तयारी करून दिली. मराठीत संज्ञाप्रवाहाच्या पद्धतीचा हा पहिला ठळक प्रयोग होय. घटनांच्या साखळीऐवजी मनात उठणाऱ्या, तुटणाऱ्या आणि अनपेक्षितपणे जोडल्या जाणाऱ्या विचारांचा क्रम तेथे रचनेचा आधार होतो. कादंबरी म्हणून या प्रयोगाच्या मर्यादा मान्य केल्या तरी, दोन विधानांमधील तार्किक दुवा वगळून वाचकाला उडी मारावयास लावण्याचे तंत्र लेखकाला येथे अवगत झाले. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा जो आक्षेप पुढे घेतला गेला त्याचे मूळ या तंत्रात आहे.

नभोवाणीच्या सेवेचा परिणाम दिसावयास कमी, परंतु मोलाने कमी नाही. नभोवाणीवर शब्द डोळ्यांना दिसत नाही. तो एकदाच उच्चारला जातो आणि कानाला लागलीच पटावा लागतो. संगीतिकांच्या रचनेत गाण्याजोगी ओळ, बोलण्याजोगी ओळ आणि त्यांमधील विराम यांचा हिशेब सतत ठेवावा लागतो. 'शिशिरागम'मधील लांब समास गळून 'काही कविता'त आखूड, आघातयुक्त आणि बोलभाषेच्या जवळ जाणारी शब्दयोजना आली, तिच्यामागे हा कानाचा अभ्यास असणे स्वाभाविक आहे.

याच वर्षांत भोवतालचे जग बदलत होते. दुसरे महायुद्ध, १९४३ चा बंगालमधील दुष्काळ, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेला स्फोट, १९४५ मधील अणुबाँब, फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांचे बंड, फाळणीची चाहूल या घटनांनी मध्यमवर्गीय मनाचा धीर खचविला. मुंबईसारख्या शहरात रेशनच्या रांगा आणि लोकलमधील गर्दी हा रोजचा अनुभव झाला. मात्र हा अनुभव त्या पिढीतील सर्वच कवींच्या वाट्याला आला होता. अनिलांनी 'भग्नमूर्ती'त (१९४०) मुक्तछंदाची वाट धरली. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'ने (१९४२) क्रांतीच्या आवाहनाला तेजस्वी शब्द दिले. परिस्थिती एकच असताना कवितेच्या वाटा भिन्न झाल्या, यावरून परिस्थिती हे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे, हे उघड होते.

एलियटचा प्रश्न

मर्ढेकरांना एलियटचे अनुयायी म्हणण्याची प्रथा जुनी आहे. महानगराचा उबग, उपरोध, संदर्भबहुलता आणि श्रद्धेचा शोध ही साम्ये दाखविता येतात. भावनानिष्ठ समतानता आणि एलियटने १९१९ साली 'हॅम्लेट'वरील निबंधात मांडलेली वस्तुनिष्ठ सहसंबंधाची कल्पना यांचे नातेही विचारार्ह आहे. तथापि दोघांच्या आरंभीच्या विकासाची तुलना केली असता साम्याहून भेदच अधिक बोधप्रद ठरतो.

एलियटचा जन्म १८८८ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाला. हार्वर्डमध्ये शिकत असताना आर्थर सायमन्सच्या ग्रंथातून त्याला फ्रेंच प्रतीकवाद्यांचा आणि विशेषतः झ्यूल लाफोर्गचा परिचय झाला. आपल्या भाषेतील तत्कालीन कवितेत त्याला आधार सापडला नाही, म्हणून त्याने परभाषेतील कवीकडून उपरोधाचा सूर घेतला. 'प्रूफ्रॉक'ची कविता १९१५ साली शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात आली तेव्हा हा सूर इंग्रजीत स्थिरावला होता. एलियटच्या बाबतीत आरंभीची कविता आणि परिपक्व कविता यांत खंड पडत नाही. पहिल्या संग्रहापासूनच स्वर स्वतःचा आहे.

मर्ढेकरांची वाटचाल उलट दिशेने झाली. त्यांचा पहिला संग्रह परक्याच्या स्वरात आहे आणि तो स्वर स्वभाषेतील नजीकच्या पूर्वसूरींचा आहे. आधुनिक युरोपीय संवेदनेशी परिचय झाल्यावर ती व्यक्त करण्यासाठी ते परदेशी रचनाबंधाकडे वळले नाहीत. मुक्तछंद उपलब्ध असून त्यांनी त्याला आपले मुख्य माध्यम केले नाही. ते तुकाराम-रामदासांच्या अभंग-ओवीकडे गेले. एलियटकडून त्यांनी काही घेतले असेल तर ते धाडस होय: वर्तमानाचे विदारक दर्शन भूतकाळातील वाणीच्या सान्निध्यात ठेवण्याचे. ती वाणी कोणती, हे मात्र त्यांचे त्यांनी ठरविले.

'काही कविता'

बडोद्याहून निघणाऱ्या 'अभिरुची' मासिकात १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील कवितेने मराठी वाचक चकित झाला. पिपात मरून पडलेल्या उंदरांचे चित्र, त्यांच्या मरणातील निरर्थक सहजता आणि जगण्या-मरण्यातील सक्ती यांनी ती कविता भरलेली आहे. तिची टिंगल झाली, विडंबने झाली, तिच्या अर्थाविषयी वाद झडले. त्या गदारोळात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली गेली नाही. ही कविता सोळा मात्रांच्या, मराठी कानाला बालगीतांपासून परिचित असलेल्या चालीत बांधलेली आहे. निष्पाप, ठेक्याची लय आणि तिच्यावर स्वार झालेला बीभत्स आशय यांच्यातील ताण हा त्या कवितेचा प्राण आहे. संवाद आणि विरोध यांविषयीची मर्ढेकरांची उपपत्ती येथे व्याख्यानातून उतरून कवितेत आली आहे.

'काही कविता' या नावातच 'शिशिरागम'च्या सूचक, संस्कृत नावाचा त्याग आहे. कवितांना शीर्षके नाहीत, केवळ क्रमांक आहेत. छंदांचा विचार करता अभंग आणि ओवी यांचे प्राबल्य जाणवते. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक येते. शेवटचा आखूड चरण विधानाला एकदम थांबवितो. संतांच्या अभंगात हा थांबा निश्चयाचा असतो. मर्ढेकर तेथेच शंका, उपहास किंवा शून्यता ठेवतात. वाचकाच्या कानाला विठ्ठलाची अपेक्षा असते आणि त्याच्या पुढ्यात यंत्र येते. हा केवळ विडंबनाचा खेळ असता तर तो दोन-चार कवितांत संपला असता. परंतु काही कवितांत हाच छंद पुन्हा प्रार्थनेकडे वळतो, स्वतःच्या कोरडेपणाची कबुली देतो आणि करुणेची याचना करतो. संतवाणी येथे उपहासाचे साधन आहे आणि उपहासातून सुटण्याचा मार्गही तीच आहे.

भाषेतही हेच दिसते. विज्ञानातील संज्ञा, इंग्रजी शब्द, बाजारी बोली आणि पोथीतील शब्द एकत्र येतात. इंग्रजी नामापासून मराठी क्रियापद बनविण्यासही कवी कचरत नाही. 'शिशिरागम'मध्ये भाषा एकाच पातळीवर वाहत होती. येथे अनेक पातळ्यांवरील शब्द एकमेकांवर आदळतात. त्या आघातातून जी ठिणगी पडते तिच्यात त्या काळच्या शहरी माणसाचा चेहरा दिसतो.

या संग्रहावर अश्लीलतेच्या आरोपावरून खटला भरण्यात आला. स्वतः शासकीय सेवेत असलेल्या कवीच्या दृष्टीने या आरोपाचा अर्थ केवळ वाङ्मयीन नव्हता. त्याची उपजीविका आणि प्रतिष्ठा दोन्ही पणाला लागल्या होत्या. अखेरीस ते निर्दोष सुटले. १९५१ साली त्यांनी 'आणखी काही कविता' हा संग्रह प्रसिद्ध केला. भूमिका बदलली नसल्याचे त्याच्या नावावरूनच कळते. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली आले आणि त्यास १९५६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. २० मार्च १९५६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दिल्ली येथे मर्ढेकरांचे निधन झाले. तिन्ही संग्रह एकत्र करणारे 'मर्ढेकरांची कविता' हे पुस्तक १९५९ साली निघाले.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते, की 'शिशिरागम' आणि 'काही कविता' यांमधील दरी कवीच्या मौनाने पडलेली नसून त्याच्या इतर लेखनाने भरलेली आहे. सौंदर्यविचाराने विषयांवरील बंधने सैल केली, कादंबरीने मनाच्या तुटक गतीला रूप दिले, नभोवाणीने ओळ कानाशी आणून ठेवली आणि अभंग-ओवीने या सर्वांना मराठी भूमी दिली. या चारांपैकी एकही घटक वेगळा काढला तर 'काही कविता'चे स्वरूप पुरते उलगडत नाही.

'शिशिरागम'चे महत्त्व त्यातील थोड्या चांगल्या कवितांपुरते मर्यादित मानू नये. कवीने पुढे काय टाकले हे समजल्यावाचून त्याने काय कमावले याचा हिशेब लागत नाही. कोमल शब्दकळा, प्रेमाची आळवणी आणि वृत्ताचे सौष्ठव या तिन्ही गोष्टी मर्ढेकरांना साध्य होत्या. त्यांतील पहिल्या दोन त्यांनी सोडल्या आणि तिसरी राखली. नवकवितेचा प्रवर्तक म्हणून ओळखला जाणारा हा कवी रचनेच्या बाबतीत आपल्या समकालीनांहून अधिक परंपरानिष्ठ राहिला, ही विसंगती वरवरची आहे. जुन्या छंदाची चौकट घट्ट असल्यामुळेच तीत कोंबलेल्या नव्या जगाची घुसमट ऐकू येते. मर्ढेकरांच्या कवितेचे अध्यापन पहिल्या संग्रहापासून सुरू केले तर ही घुसमट आयात केलेली नव्हती, ती एका मराठी कानाने स्वतः ऐकलेली होती, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल.